पहिली नजर, दुसरी नजर

रोजा म्हणजे दिवसभर अन्नपाणी वर्ज्य, एवढे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सहकारी रमजानमध्ये डबा उघडताना जरा ओशाळतो, ‘तुमच्यासमोर खाल्ले तर चालेल ना?’ असे विचारतो आणि ‘खुशाल खा’ असे ऐकले की निर्धास्त होतो. पण रोजा जसा पोटाचा असतो तसा जिभेचा, कानांचा आणि डोळ्यांचाही असतो, ही गोष्ट तेवढी पसरलेली नाही. इमाम गजालींनी नऊशे वर्षांपूर्वी आपल्या ‘इह्या’ या ग्रंथात रोज्याचे आतले नियम सांगितले. त्यांत पहिलाच नियम नजरेचा आहे. इफ्तारला पोट तडस लागेपर्यंत भरू नका, हा नियम पाचवा. आज मोहल्ल्यामोहल्ल्यांतून पाचव्या नियमाचा जो निकाल लागलेला दिसतो, त्यावरून पहिल्याचे काय होत असेल याची कल्पना करता येते.

पोटाच्या रोज्याला एक सोय आहे. समोर पाण्याचा ग्लास असतो, तो उचलायचा नाही, झाले. डोळ्यांसमोर मात्र अख्खे शहर असते. सकाळची लोकल, दादरचा पूल, बसथांबा, लिफ्ट, बँकेतली रांग. डोळे मिटून चालता येत नाही आणि उघडे ठेवले की माणसे दिसतात. त्यातली काही देखणी असतात. देखण्या माणसाकडे नजर जाते. नजर जाणे वेगळे आणि नजर नेणे वेगळे, हे मराठीला चांगले कळते. धर्मशास्त्रानेही नेमकी तीच रेघ ओढलेली आहे. परक्या माणसाकडे नुसते पाहिल्याने रोजा तुटला, असे फिकहची पुस्तके म्हणत नाहीत. रोजा राहतो, त्यातले सत्त्व जाते.

या रेघेची खरी परीक्षा पाहायची तर तरावीहची नमाज सुटल्यावर मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीत जावे. पाय ठेवायला जागा नसते. महंमद अली रोडवर डोक्याशी जे. जे. उड्डाणपूल, गल्लीत मालपुव्याच्या कढया, मातीच्या वाट्यांतली फिरनी, शिगेवरचे कबाब, आणि त्या धुरातून वाट काढणारी माणसे. त्यांत रोजा न धरणारेही भरपूर. गिरगाव-दादरची कॉलेजची पोरे, ठाणे-डोंबिवलीची नवी जोडपी, ऑफिसचे घोळके खास खाण्यासाठी आलेले असतात. महिना सरत आला की गर्दी खाण्याकडून खरेदीकडे वळते आणि चांदरातीला तर मेंदी, बांगड्या, अत्तर, शिंप्याकडच्या शेवटच्या खेपा यांत पहाट होते. डोळ्यांत सुरमा, अंगावर कडक इस्त्रीचा कुर्ता असलेला तरुण. नव्या ओढणीची टाचणी पुन्हा पुन्हा नीट करणारी तरुणी. सगळे नटलेले. माणूस नटतो ते कोणीतरी पाहावे म्हणूनच, असे म्हणतात, आणि ते अर्धे खरेही आहे. पण ‘कोणीतरी’ याचा अर्थ ‘कोणीही आणि कितीही वेळ’ असा होत नाही.

इस्लामला पाहण्याचेच वावडे आहे, असा एक समज आहे. तो काही मौलवींनीही पसरवला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. हजरत मुगीरा बिन शोअबा यांनी एका स्त्रीला मागणी घातल्याचे सांगितले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना विचारले की तिला पाहिलेस का. नसेल पाहिले तर पाहून घे, त्याने तुमच्यातला जिव्हाळा टिकेल. म्हणजे जिथे नाते जोडायचे आहे तिथे पाहणे हा सल्ला आहे. अडचण आहे ती नाते जोडायचे नसताना, समोरच्याला विचारायचे नसताना, फुकटात पाहून घेण्याची. त्याबद्दल कुरआनच्या सूरह नूरमध्ये दोन लागोपाठच्या आयती आहेत, तिसावी आणि एकतिसावी. तिसाव्या आयतीत पुरुषांना सांगितले आहे की नजर आवरा. एकतिसाव्या आयतीत स्त्रियांना तेच सांगितले आहे आणि मग पेहरावाबद्दलची पुढची वाक्ये येतात. तिथे ‘नजर’च्या आधी ‘मिन’ हा एक इवलासा अरबी शब्द आहे. त्याचा अर्थ ‘काही’ किंवा ‘मधली’ असा घेऊन काही भाष्यकारांनी म्हटले आहे की सगळीच नजर झुकवायला सांगितलेली नाही, तिच्यातली काही आवरायला सांगितले आहे. जमिनीत डोळे खुपसून चाला, असा त्याचा अर्थ नाही. तसे चालणारा माणूस महंमद अली रोडवर हातगाडीखाली येईल.

मग कुठली आवरायची? याचेही उत्तर हदीसमध्ये सापडते. जरीर बिन अब्दुल्लाह या सहाबींनी अचानक पडणाऱ्या नजरेबद्दल विचारले, तेव्हा त्यांना एवढेच सांगण्यात आले की नजर वळव. प्रायश्चित्त नाही, दंड नाही. आणि हजरत अलींना सांगितलेली गोष्ट तर मदरशात जाणाऱ्या लहान मुलालाही येते: एका नजरेमागे दुसरी नजर लावू नकोस, पहिली तुझी आहे, दुसरी नाही. चौदाशे वर्षांपूर्वी माणसाच्या स्वभावाला दिलेली ही सूट पाहण्यासारखी आहे. पहिली नजर डोळ्यांची असते, दुसरी मनाची. पहिलीचा हिशेब मागितलेला नाही. काही चतुर मंडळी यातून असा अर्थ काढतात की मग पहिलीच नजर लांबवावी. हा विनोद फार जुना आहे आणि चौकातल्या कट्ट्यावर दर रमजानमध्ये कोणीतरी नव्याने सांगतोच.

सर्वांत बोलका प्रसंग मात्र हजचा आहे. हिजरी सन १०, म्हणजे इ. स. ६३२, पैगंबरांची शेवटची हज. त्यांचा चुलतभाऊ फज्ल बिन अब्बास त्यांच्यामागे उंटावर बसलेला. फज्ल तरुण होता आणि देखणा होता, हे हदीसमध्येच नोंदलेले आहे. खसअम कबिल्याची एक सुंदर स्त्री वाटेत पुढे आली. तिला प्रश्न विचारायचा होता: माझ्या वडिलांवर हज फर्ज झाली आहे, पण ते इतके थकले आहेत की वाहनावर बसू शकत नाहीत, त्यांच्या वतीने मी केली तर चालेल का? ती बोलत होती आणि फज्ल तिच्याकडे पाहू लागला. बुखारीतल्या एका कथनात तर तीही त्याच्याकडे पाहू लागल्याचे म्हटले आहे. पैगंबरांनी हात मागे नेला, फज्लची हनुवटी धरली आणि त्याचे तोंड दुसरीकडे वळवले. आणि त्या स्त्रीला उत्तर दिले की हो, चालेल.

या प्रसंगात काय घडले नाही, ते पाहण्यासारखे आहे. स्त्रीला मागे सरायला सांगितले गेले नाही. तू इतक्या पुरुषांत कशाला आलीस, तोंड झाक, घरच्या पुरुषाला पाठव, यांतले एकही वाक्य नाही. तिचे काम होते, ती ते घेऊन आली होती, तिचे काम झाले. मान वळली ती पाहणाऱ्याची. फज्ललाही चारचौघांत फटकारलेले नाही. पुढे त्याचे वडील हजरत अब्बास यांनी विचारले की आपल्या चुलतभावाची मान का वळवलीत, तेव्हा मिळालेल्या उत्तराचा आशय असा की एक तरुण आणि एक तरुणी दिसली, दोघांवर सैतानाचा भरवसा वाटला नाही. आवाज न चढवता, गर्दीला कळू न देता, एका हाताने केलेली ती दुरुस्ती होती.

आता हाच क्रम मोहल्ल्यांत कसा उलटा झाला आहे ते बघा. जुम्याच्या बयानात, रमजानच्या दर्समध्ये, लाउडस्पीकरवरच्या तकरिरीत सूरह नूरचा विषय निघाला की वक्ता तिसावी आयत भरभर ओलांडतो आणि एकतिसाव्या आयतीवर मुक्काम ठोकतो. बुरख्याचा कापडप्रकार, बाहीची लांबी, अत्तराचा वास, पैंजणांचा आवाज, सगळ्यावर तपशीलवार बोलणे होते. समोर बसलेले असतात ते बहुतेक ठिकाणी पुरुषच. म्हणजे ज्यांना उद्देशून पहिली आज्ञा आहे ते समोर, आणि बोलणे चाललेय जे हजर नाहीत त्यांच्याबद्दल. मग घरी जाऊन तो श्रोता बायकोला, बहिणीला, मुलीला ते ऐकवतो. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांचा विषय मशिदीच्या पायरीवरच राहतो, चपलांशेजारी.

याची किंमत चांदरातीला मोजली जाते. बाजारात गर्दी ‘खराब’ असते म्हणून कित्येक घरांतल्या मुलींना जाऊ दिले जात नाही. भाऊ जातो, मोबाइलवर बांगड्यांचे फोटो पाठवतो, ती घरी बसून रंग सांगते. गर्दी खराब करणारे कोण, हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण त्यातला एखादा त्याच घरातून नवा कुर्ता घालून गेलेला असण्याची शक्यता असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांवर स्त्रिया कशा वावरतात याचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे एक निरीक्षण कुठल्याही धर्माच्या बाईला पटेल: रस्त्यावर दिसायचे तर तिला सतत काहीतरी काम असल्याचे दाखवावे लागते. हातात पिशवी, कानाला फोन, चालीत घाई. पुरुष कोपऱ्यावर नुसता उभा राहू शकतो. पान खातो, लोक बघतो. बाई नुसती उभी राहिली की बघण्याचा विषय होते.

कोपऱ्यावर नुसते उभे राहण्याबद्दलही हदीस आहे, ही गंमतच. पैगंबरांनी साथीदारांना रस्त्यावर बैठक मारू नका म्हटले. त्यांनी अडचण सांगितली की गप्पा मारायला दुसरी जागाच नाही. तेव्हा उत्तर आले की मग रस्त्याचा हक्क तरी द्या. रस्त्याचा हक्क काय? नजर आवरणे, कोणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, चांगले सांगणे, वाइटापासून परावृत्त करणे. पाचांत पुन्हा पहिली नजर. रस्त्याला हक्क असतो, तो तिथून जाणाऱ्याला द्यायचा असतो, ही कल्पना कुठल्याही नगरपालिकेच्या पाटीवर शोभेल. कट्ट्यावर बसणाऱ्याचा हक्क सगळ्यांना माहीत आहे. कट्ट्यासमोरून जाणाऱ्याचा कोणी विचारत नाही.

छोट्या गावात हा प्रश्न थोडा वेगळा असतो. मिरज, मालेगाव किंवा चिपळूणच्या बाजारपेठेत मुलगी दिसली तर ती कोणाची, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. तिच्या भावाबरोबर तो क्रिकेट खेळलेला असतो. त्याचा चुलता समोरच्या दुकानात बसलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचते. तिथे नजरेवर गावाचा पहारा असतो. त्याचाही जाच असतोच, विशेषतः मुलींना, पण पहारा असतो. शहरात कोणी कोणाला ओळखत नाही. लोकलच्या दारात उभा असलेला माणूस कोण, कुठला, रोजेदार आहे की नाही, कोणाला माहीत? आणि रोज्याचेही तसेच आहे. बेसिनशी वुजू करताना दोन घोट पाणी घशाखाली सोडले तर जगात कोणालाही कळणार नाही. अल्लाहला डोळ्यांची बेइमानी ठाऊक असते, असा उल्लेख कुरआनात आहे, आणि भाष्यकारांनी त्यावर लिहिताना तोंडाने साळसूद राहून नजर चोरून लावणाऱ्या माणसाचेच उदाहरण घेतले आहे. पहारेकरी नसताना कसे वागायचे याचा सराव म्हणजे रोजा. आणि तशी वेळ शहरात दर दोन मिनिटांनी येते.

अनोळखी माणसांच्या गर्दीने स्वतःचे काही अलिखित नियमही बनवले आहेत. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ च्या आपल्या पुस्तकात ते टिपले. रस्त्यात समोरून येणाऱ्याकडे साधारण आठ फुटांच्या अंतरापर्यंत माणूस पाहतो, तो आहे याची दखल घेतो आणि मग जवळून जाताना नजर खाली करतो. तू मला दिसलास, पण मला तुझ्यापासून काही नको आणि तुलाही माझ्यापासून धोका नाही, एवढे त्यातून सांगितले जाते. गॉफमनने त्याला समोरासमोरच्या गाड्यांनी दिवे मंद करण्याची उपमा दिली. मराठी ड्रायव्हरला ती समजावून सांगावी लागणार नाही. रात्री घाटात समोरून गाडी आली की डिपर द्यायचा. अप्पर तसाच ठेवून येणाऱ्याला काय शिव्या पडतात ते आंबा घाटात किंवा कसाऱ्यात एकदा ऐकावे. समोरचा दिसावा म्हणून दिवा हवाच, पण त्याच्या डोळ्यांत तो खुपसायचा नाही. अप्परवर डोळे ठेवून फिरणारी माणसे प्रत्येक शहरात आहेत.

लोकलमध्ये हे सगळे अवघड होते, कारण तिथे आठ फूट नसतातच. गेओर्ग झिमेल हा जर्मन विचारवंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून गेला की बस, रेल्वे, ट्राम येण्याआधी माणसांवर मिनिटेच्या मिनिटे, कधी तासन्‌तास, एकमेकांकडे पाहत पण एक शब्द न बोलता बसण्याची वेळ आली नव्हती. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ मध्ये सुटली तेव्हापासून मुंबईकर ही कसरत करत आहेत. डोळे कुठे ठेवायचे? म्हणून तर वर्तमानपत्राच्या चार घड्या, आता मोबाइल, नाहीतर खिडकीबाहेर सायन की कुर्ला ते शोधणे. लोकलमधला सभ्य माणूस ओळखायचा तो नजर कशी वळवतो यावरून. चुकून नजरानजर झालीच तर तो गडबडून छताकडे बघत नाही, ओशाळे हसत नाही, सावकाश दुसरीकडे पाहतो. ज्याला दुसरी नजर टाकायची असते तो खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबाचा आधार घेतो. बायकांना ती काचही माहीत असते. चर्चगेट ते बोरीवली पहिली लेडीज स्पेशल १९९२ मध्ये सुरू झाली. त्या डब्यात चढल्यावर बायका प्रथम काय करतात? पदर किंवा ओढणी सैल सोडतात. वेणी पुन्हा घालतात. मोठ्याने हसतात. पहिल्या नजरेचेही ओझे नसलेली तेवढीच जागा.

बायका बघत नाहीत असे नाही. एकतिसावी आयत त्यांच्यासाठी आहे, ती उगाच नाही. ईदगाहच्या रस्त्यावरून पांढऱ्या कुर्त्यांची रांग निघाली की गच्चीवर उभ्या असलेल्या पोरींची चर्चा कुर्त्यांच्या भरतकामाबद्दल नसते. नियम दोघांना एकच आहे. फरक पडतो तो नंतर. ज्याच्याकडे पाहिले गेले तो तरुण खूश होऊन घरी जातो; ज्या तरुणीकडे टक लावून पाहिले गेले ती दुसऱ्या दिवशी घरी जायचा रस्ता बदलते.

आणि एक नजर आकर्षणाची नसतेच. लोकलच्या डब्यात दाढीवाला माणूस मोठी बॅग घेऊन चढला की चार जण ती बॅग बघतात, मग दाढी बघतात, मग पुन्हा बॅग. बुरख्यातली बाई मॉलमध्ये दिसली की तिच्याकडे जे पाहिले जाते त्यात कुतूहल, कीव आणि संशय यांचे प्रमाण माणसागणिक बदलते. झाकून घेतले की नजर चुकते, हे गणित तिथेच खोटे ठरते. बुरख्यातल्या बाईलाही छेडले जाते, जीन्समधल्या बाईलाही. दोघींना विचारले तर दोघीही पाहणाऱ्याचे वर्णन सारखेच करतील. वाढदिवसाला मालपुवे खायला महंमद अली रोडवर आलेल्या साडीतल्या बाईकडेही तिथला एखादा टकमक बघतोच. पाहुणीने पुन्हा यावे असे वाटत असेल तर त्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी अशा पोराची हनुवटी धरायला हवी. काही ठिकाणी ती धरली जाते. काही ठिकाणी वडीलधारेच बघत असतात.

कायदा या बाबतीत जेवढा लोकांना वाटतो तेवढा स्पष्ट नाही. केरळचे तेव्हाचे अबकारी आयुक्त ऋषिराज सिंह यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये एका भाषणात म्हटले की एखाद्या स्त्रीकडे चौदा सेकंदांहून जास्त वेळ पाहणाऱ्यावर गुन्हा नोंदवता येतो. देशभर चेष्टा झाली. काळा चष्मा लावला तर, मध्ये पापणी लवली तर, तेरा सेकंदांचे काय, असे प्रश्न लोकांनी विचारले. अशी सेकंदांची मोजणी कुठल्याच कायद्यात नाही. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेला शब्द, आवाज, हावभाव कलम ७९ मध्ये येतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. म्हणजे कायदा पाहतो तो हेतू आणि वारंवारता. लंडनच्या भुयारी रेल्वेत काही वर्षांपूर्वी फलक लागले की लैंगिक हेतूने रोखून पाहणे हाही छळच आहे. पण फलक असो की कलम, नुसत्या नजरेचा पंचनामा करता येत नाही. पोलीस चौकीत जाऊन ‘तो बघत होता’ असे सांगणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न येतो, ‘मग केले काय त्याने?’ कायद्याचा हात जिथे पोचत नाही, अशा जागेलाच आपल्याकडे संस्कार, अदब, तहजीब अशी नावे आहेत.

त्या तहजीबीच्या कथा दोन्हीकडे आहेत आणि योगायोगाने दोन्हीकडे पायांच्या आहेत. सुग्रीवाने सीतेचे दागिने पुढे ठेवले तेव्हा लक्ष्मणाला बाजूबंद ओळखता आले नाहीत, कुंडले ओळखता आली नाहीत. ओळखता आली ती फक्त पैंजणे, कारण रोज नमस्कार करताना दिसायची तीच. हा रामायणातला प्रसंग कीर्तनकार आजही रंगवून सांगतात. दुसरी कथा कमाल अमरोहींच्या १९७२ च्या ‘पाकीजा’तली. रात्रीच्या गाडीत राजकुमार चुकून एका डब्यात शिरतो, तिथे झोपलेल्या मीनाकुमारीचे पाय पाहतो आणि त्या पायांची तारीफ लिहिलेली चिठ्ठी ठेवून निघून जातो. पडद्यावर ते फार सुंदर दिसते. दोन पिढ्यांनी त्यावर उसासे टाकले. मात्र झोपलेल्या बाईच्या अंगाजवळ येऊन कोणी चिठ्ठी ठेवून गेला, असे आज विदर्भ एक्स्प्रेसमध्ये घडले तर ती बाई सर्वांत आधी रेल्वे पोलिसांना फोन लावेल, आणि तिचे बरोबरच असेल. लक्ष्मणाच्या नजरेबद्दल सीतेला काही कळण्याची गरज पडली नाही. उर्दू शायरीने नजरेवर दिवाणच्या दिवाण भरले, त्यांत तडफडणारा नेहमी पाहणारा असतो. पाहिली गेलेली काय म्हणते, हे ऐकायचे तर शायराच्या घरातल्या बायकांना विचारायला हवे होते.

यंदाच्या रमजानमध्ये तर नजरेला हात फुटले आहेत आणि त्या हातात मोबाइल आहे. मिनारा मशिदीच्या गल्लीत आता जेवढे लोक खातात जवळपास तेवढेच चित्रीकरण करतात. कढईतला मालपुवा टिपता टिपता कॅमेरा हळूच शेजारी उभ्या असलेल्या देखण्या चेहऱ्यावर सरकतो, तिथे दोन सेकंद थांबतो, वर गाणे लावले जाते आणि सकाळपर्यंत तो चेहरा हजारो अनोळखी माणसांच्या हातात असतो. तिने बोटे चाटली, नवऱ्याशी भांडली, ओढणी सावरली, ते सगळे. हजरत अलींना सांगितलेल्या गोष्टीत दुसऱ्या नजरेला मनाई होती. इथे दुसरी, दहावी, हजारावी नजर एकाच बोटाने वाटली जाते आणि पाहणाऱ्यातल्या कोणालाच वाटत नाही की आपण काही केले. ज्याने रील टाकली त्याचा रोजा असतो. तरावीह पढूनच तो गल्लीत आलेला असतो. घरच्यांनी पाहिले म्हणून पुढच्या वर्षी इफ्तारीला बाहेर पडणे बंद झालेल्या मुली आहेत. त्यांनी काय केले होते? फिरनी खाल्ली होती.

या गल्लीपासून थोडे पुढे बांगड्यांची दुकाने लागतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला कासार-मणियार नवे नाहीत. लग्नघरी चुडा भरायला येणारा मणियारचाचा वाड्यात, मोहल्ल्यात, वाडीवस्तीवर सगळीकडे थेट माजघरापर्यंत जायचा. ज्या घरांत परक्या पुरुषाला ओसरीच्या आत पाऊल टाकता येत नव्हते, तिथे हा माणूस लेकीसुनांचे हात हातात घेऊन बसायचा. तासभर, दोन तास. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. त्याची नजर मनगटाच्या वर सरकत नाही, हे तीन पिढ्यांनी पाहिलेले असायचे, आणि ती एकदा जरी सरकली असती तर त्या गावात त्याची टोपली पुन्हा उघडली नसती. चांदरातीला दोन वाजताही असे एखादे म्हातारे चाचा गल्ल्याशेजारी स्टुलावर बसलेले असतात. समोर नटलेल्या बायकांची झुंबड, कोणी बुरख्यात, कोणी पंजाबी ड्रेसमध्ये, कोणी टिकली लावलेली. ते मान वर करत नाहीत. पुढे आलेला हात घेतात, अंगठ्याचा सांधा दाबून पाहतात, माप मनातल्या मनात घेतात आणि विचारतात, ‘बेटा, हिरव्या देऊ की लाल?’